आजोबा दिवेलागणीला कोठे निघतात?



पुण्याहून अहिल्यानगरकडे (जुन्या माणसांच्या भाषेत 'नगरकडे') जाणाऱ्या रस्त्यावर रांजणगावचा महागणपती मागे पडला, की शिरूरच्या अलीकडे कारेगाव लागते. आज या गावाची ओळख रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे आहे. कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, मालमोटारींच्या रांगा, पाळी सुटली की रस्त्यावर उसळणारी कामगारांची गर्दी. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी मात्र हा ज्वारी-बाजरीचा कोरडवाहू मुलूख होता. आज ऐंशीच्या घरात असलेल्या माणसाचे बालपण आणि तारुण्य त्या जुन्या गावात गेले आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता एका आजोबांची कल्पना करा. हे आजोबा आम्ही रचलेले आहेत, पण त्यांच्यासारखे आजोबा आणि आजी जवळजवळ प्रत्येक वृद्धाश्रमात भेटतात. आजोबा कारेगावचे शेतकरी. मुलगा-सून दोघेही नोकरीवर जातात, आजोबा घरातून निघून जातात म्हणून त्यांना पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवले आहे. दिवसभर ते शांत असतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास मात्र उठतात, फाटकापाशी जातात आणि कडी वाजवू लागतात.

"दार उघड पोरी. धारा काढायच्यात. म्हशी रेकायला लागल्या असतील."

"आजोबा, तुमच्याकडे म्हशी नाहीत आता. बसा बघू खाली."

आजोबा पुन्हा कडी वाजवतात. मावशी त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढू लागतात. आजोबा काठी उगारतात. रात्री नोंदवहीत एक ओळ पडते : 'रुग्ण आक्रमक झाला.' असे आठ दिवस झाले की कोणीतरी म्हणते, यांना झोपेचे काहीतरी द्या, नाहीतर पलंगाला बांधून ठेवा.

या लेखाचा विषय त्या एका ओळीत दडलेला आहे. 'आक्रमक झाला' ही नोंद खरी आहे, पण अपुरी आहे. नववीच्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत 'परीक्षानळीत काहीतरी झाले' एवढेच लिहिले, तर गुरुजी ती वही परत करतील. काय झाले, केव्हा झाले, त्याआधी काय घडले होते, असे ते विचारतील. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या वागण्याबद्दल हेच प्रश्न विचारायला जगभरच्या डॉक्टरांनाही पुष्कळ उशीर लागला.

म्हातारचळ नव्हे, आजार

आपल्याकडे अशा वागण्याला तयार शब्द आहेत. 'म्हातारचळ लागला' म्हणतात. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तर सर्वांच्या तोंडी असते. या शब्दांचा एक मोठा तोटा आहे. एकदा नाव दिले की शोध थांबतो. म्हातारचळच तो, त्याला कारण कशाला हवे?

वास्तविक, वय वाढले म्हणून सगळ्यांनाच स्मृतिभ्रंश होत नाही. भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार साठ वर्षांवरील माणसांत शेकडा सुमारे ७.४ जणांना तो असावा. म्हणजे साऱ्या देशात अदमासे ८८ लाख. ही संख्या मोठी आहे खरी, परंतु तिचा दुसरा अर्थही पाहा. साठीच्या पुढच्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांची बुद्धी 'नाठी' झालेली नसते.

स्मृतिभ्रंश हे अनेक आजारांना मिळून दिलेले नाव आहे. त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा आजार अल्झायमरचा. त्याची कथा १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे सुरू होते. आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री तेथील मनोरुग्णालयात दाखल झाली. ती गोष्टी विसरत होती, पण तेवढेच नव्हे. ती नवऱ्यावर संशय घेई, घरातल्या वस्तू लपवी, मोठमोठ्याने ओरडे. डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी तिची उत्तरे शब्दशः टिपून ठेवली. १९०६ साली ती वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. चेतापेशींच्या बाहेर साचलेले कीट आणि पेशींच्या आत पडलेल्या धाग्यांच्या गुंतवळी त्यांना दिसल्या. आज आपण जाणतो, की ते कीट 'बीटा-अ‍ॅमिलॉइड' नावाच्या प्रथिनाचे असते आणि गुंतवळी 'टाऊ' नावाच्या प्रथिनाच्या. आजाराला अल्झायमर यांचे नाव १९१० मध्ये मिळाले. या पहिल्या रुग्णाच्या वर्णनात विसरण्याइतकीच वागण्याची लक्षणे ठळक होती, हे मात्र पुढे बरेच जण विसरले.

या आजाराची झळ सुरुवातीला पोचते ती हिप्पोकॅम्पस या भागाला. समुद्रघोडा नावाच्या माशासारखा त्याचा आकार, म्हणून हे ग्रीक नाव. आज घडलेली गोष्ट उद्यासाठी साठवून ठेवणे हे त्याचे काम. तो निकामी होऊ लागला की नवे साठत नाही; जुने मात्र बराच काळ टिकून राहते. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ सालीच सांगून ठेवले होते, की स्मृती जाताना आधी अलीकडची जाते आणि मागाहून दूरची.

आता कारेगावच्या आजोबांकडे पुन्हा पाहा. वृद्धाश्रमात येऊन दोन महिने झाले, हे त्यांच्या मेंदूने नोंदलेच नाही. गावातली कारखान्यांची भिंतही पुसट झाली आहे. शिल्लक आहे तो तरुणपणचा गोठा. संध्याकाळी त्यांना जायचे आहे ते त्या गोठ्याकडे. उद्या कोणी त्यांना खरोखर गावी नेऊन सोडले, तरी "हे माझे गाव नव्हे" असेच ते म्हणतील. त्यांच्या हिशेबी ते खरेच आहे.

याच्या जोडीला मेंदूचा कपाळामागचा भाग, म्हणजे अग्रखंड, दुबळा होत जातो. राग आला तरी हात आवरणे, एखादी गोष्ट बोलू नये म्हणून गिळणे, हे काम त्याचे. सायकलचा ब्रेक झिजावा तसे हे होते. ढकलणारा राग तुमच्या-आमच्याइतकाच असतो. थांबवणारा ब्रेक नसतो.

शरीर बोलते, तोंड बोलत नाही

परंतु सगळे खापर मेंदूवर फोडून चालणार नाही. मेंदूतले कीट सकाळी आणि संध्याकाळी सारखेच असते. मग आजोबा संध्याकाळीच का उठतात? मंगळवारी शांत आणि बुधवारी बेचैन का असतात? जे बदलत नाही ते बदलणाऱ्या गोष्टीचे एकमेव कारण असू शकत नाही, हा साधा तर्क आहे. तेव्हा जे बदलते ते शोधले पाहिजे. ते शरीरात असते, भोवतालच्या जागेत असते, नाहीतर आजूबाजूच्या माणसांत असते.

शरीरातले पहिले कारण म्हणजे दुखणे. तुमची दाढ दुखली तर तुम्ही आईला सांगाल. आजार पुढे गेलेल्या माणसाला 'दाढ' हा शब्द सापडत नाही आणि दुखते कोठे हेही उमगत नाही. तो जेवणाचे ताट ढकलतो. गुडघे धरलेल्या आजीला आधार देऊन उभे केले, की ती चावा घेते. नॉर्वेमधील १८ शुश्रूषागृहांत २०११ साली प्रसिद्ध झालेला एक नामांकित प्रयोग झाला. स्मृतिभ्रंश आणि अस्वस्थ वागणूक असलेल्या ३५२ रहिवाशांचे त्यासाठी गट पाडण्यात आले. काही गटांतील रहिवाशांना आठ आठवडे पद्धतशीर वेदनाशामक उपचार दिले. बहुतेकांना फक्त आपल्या ओळखीचे पॅरासिटामॉल पुरले. बाकीच्या गटांची नेहमीची व्यवस्था चालू ठेवली. उपचार मिळालेल्या गटांत अस्वस्थता शेकडा सुमारे १७ ने कमी झाली. मन शांत करणारे कोणतेही औषध न वाढवता हे घडले, हे विशेष.

बद्धकोष्ठ, तहान, लघवीची घाई, घट्ट झालेली कवळी, सेल संपलेले कानयंत्र, ही आणखी काही कारणे. एक गोष्ट तर प्रत्येक घरात ठाऊक असायला हवी. कालपर्यंत ठीक असलेला वृद्ध माणूस एक-दोन दिवसांत एकाएकी भलतेच बरळू लागला, त्याला भास होऊ लागले किंवा तो गुंगीत गेला, तर तो स्मृतिभ्रंश 'वाढला' असे समजू नये. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. एकाएकी झालेल्या बदलामागे बहुधा मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, नाहीतर एखादे नवे औषध असते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

डोळ्यांवरचा पिवळा पडदा

वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर आणि गढूळ होत जाते. त्यामुळे प्रकाश कमी आत जातो, त्यातही निळा प्रकाश फार अडतो. याचे दोन परिणाम होतात.

पहिला परिणाम अनुभवायला एक प्रयोग करून पाहा. स्टेशनरीच्या दुकानातून पिवळा जिलेटिन कागद आणा, त्याच्या चार-पाच घड्या करून डोळ्यांसमोर धरा. संध्याकाळी दिवा न लावता पांढऱ्या ताटलीत दहीभात वाढून घ्या. भात कोठे संपतो आणि ताटली कोठे सुरू होते, ते नीट दिसते का? आता तोच भात लाल किंवा निळ्या ताटलीत घ्या. फरक तुमचा तुम्हालाच कळेल. अमेरिकेत बॉस्टन येथे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजार खूप वाढलेल्या रुग्णांना ठसठशीत लाल ताटल्यांत जेवण दिले, तेव्हा त्यांचे खाणे शेकडा २५ ने वाढले. मात्र हे रुग्ण अवघे ९ होते. एवढ्या लहान संख्येवरून मोठा सिद्धान्त मांडता येत नाही. पण ताटली बदलायला खर्च तो किती? 'आजी जेवायला त्रास देते' अशी तक्रार करण्यापूर्वी ताटली बदलून पाहावी.

जमिनीवरचा काळा पायपुसणे अशा डोळ्यांना खड्ड्यासारखा दिसू शकतो. मग आजी दारातच थबकतात आणि मावशींना वाटते, मुद्दाम अडून बसल्या. मोठ्या आरशातला माणूस कोणी परका वाटतो. चकचकीत फरशीवर पाणी सांडल्याचा भास होतो.

दुसरा परिणाम शरीराच्या घड्याळावर होतो. मेंदूच्या तळाशी चेतापेशींचा एक लहानसा पुंजका आहे. झोप केव्हा आणि जाग केव्हा, हे तो ठरवतो. तो आपले घड्याळ लावून घेतो ते डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशावर, विशेषतः निळसर प्रकाशावर. स्मृतिभ्रंशात हा पुंजकाही झिजतो. त्यात वृद्धाश्रमातली माणसे दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसलेली. मग घड्याळाने काय करावे? दिवस आणि रात्र यांची सीमा पुसली जाते आणि उजेड कमी होऊ लागला की गोंधळ वाढतो. संध्याकाळच्या या अस्वस्थतेची ओळख डॉक्टरांना फार पूर्वीपासून आहे. तिची सगळी कारणे एकाच सूत्रात बसवता येत नाहीत. दिवसभराचा थकवा, भूक आणि लांबलेल्या सावल्या यांचाही तिच्यात वाटा असावा. नेदरलँड्समधील १२ निवासांत १८९ रहिवाशांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिवसभर बैठकीच्या खोलीत भरपूर प्रकाश ठेवला, तेव्हा खिन्नतेची लक्षणे कमी झाली आणि बुद्धीची घसरणही थोडी मंदावली. परिणाम माफक होता. पण आपल्या मुलखात तर सकाळचे ऊन फुकट मिळते. आजोबांची खुर्ची अंगणात नेऊन ठेवायला कोणते यंत्र लागते?

अंघोळीची लढाई

वृद्धाश्रमात काम करणाऱ्या कोणत्याही मावशींना विचारा, सर्वांत अवघड वेळ कोणती? अंघोळीची, असेच उत्तर येईल. आजींच्या बाजूने विचार करा. एक अनोळखी बाई येते, लुगडे सोडू लागते, गार फरशीवर उभे करते आणि डोक्यावर तांब्या ओतते. कोण ही? काय करते आहे? सत्तर वर्षे अंगावरचा पदर ढळू न दिलेल्या स्त्रीने आरडाओरडा केला, तर त्यात वेडेपणा कोणता? उलट, ती ओरडली नसती तरच नवल.

अमेरिकेतील १५ शुश्रूषागृहांत याचा रीतसर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. एका पद्धतीत रहिवाशाच्या आवडीप्रमाणे, त्याच्या गतीने, अंग झाकलेले ठेवून अंघोळ घातली. दुसऱ्या पद्धतीत अंथरुणातच कोमट पाण्यात भिजवलेल्या मोठ्या पंचाने, वरून झाकूनच अंग पुसून घेतले. मारण्या-ओरबाडण्याचे प्रसंग पहिल्या पद्धतीत शेकडा ५३ ने आणि दुसरीत शेकडा ६० ने घटले. आजार तोच, माणसे तीच. बदलली ती फक्त अंघोळ.

प्रसंग विसरतो, भावना उरते

"त्यांना कुठे काय आठवते? रागावले तरी पाच मिनिटांत विसरतात," असे म्हणणारी माणसे भेटतात. हे अर्धसत्य आहे, आणि उरलेला अर्धा भाग फार महत्त्वाचा आहे.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक सुंदर प्रयोग पाहा. अल्झायमरचे १७ रुग्ण आणि तेवढीच निरोगी वृद्ध माणसे यांना आधी दुःखी आणि मग आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले. थोड्या वेळाने विचारले तेव्हा रुग्णांना चित्रपटातले जवळजवळ काही आठवेना. पण दुःख किंवा आनंद मात्र अर्ध्या तासापर्यंत टिकून होता. गंमत अशी, की ज्यांना चित्रपट सर्वांत कमी आठवत होता, त्यांचे दुःख अधिक काळ रेंगाळत होते. कारण ठाऊक नसलेले दुःख घालवायचे तरी कसे?

म्हणजे सकाळी मावशी ओरडल्या, हे आजोबा विसरतात. अपमान विसरत नाहीत. दुपारी काठी उगारतात, तेव्हा पाहणाऱ्याला वाटते, काही कारण नसताना चवताळले.

म्हणून फाटकापाशी "तुमच्याकडे म्हशी नाहीत" हा वाद घालण्यात अर्थ नसतो. वादात आजोबा हरणार नाहीत, कारण त्यांना गोठा डोळ्यांसमोर दिसतो आहे. "किती म्हशी होत्या, आजोबा? नावं काय ठेवली होती?" असे विचारत त्यांच्याबरोबर चार पावले चालावे. हे खोटे बोलणे नाही आणि भांडणही नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २०१३ च्या 'अस्तु' या मराठी चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेले एक संस्कृत पंडित हत्तीच्या मागे चालत घरापासून दूर निघून जातात. मोहन आगाशे यांनी ही भूमिका केली आहे. हत्तीवाल्याची बायको, जिला या आजाराचे नावही ठाऊक नाही, ती त्यांना लहान लेकरासारखे सांभाळते. तिच्याकडे एक सोय आहे : पंडितांचे पूर्वीचे रूप तिने पाहिलेले नाही, म्हणून 'असे कसे झाले हो तुमचे' हा प्रश्न तिला पडत नाही. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शिक्षकांनी हा चित्रपट वर्गाला अवश्य दाखवावा.

खोटे बोलावे की नाही, यावर जाणकारांतही मतभेद आहेत. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे एका वृद्धनिवासाबाहेर बसचा खोटा थांबा उभारला होता. फलक आणि बाक सारे खरे. बस मात्र कधीच येत नाही. 'घरी जायचे' म्हणून निघालेली माणसे तेथे बसत, थोड्या वेळाने जाण्याची ओढ ओसरे आणि कोणीतरी त्यांना कॉफीसाठी आत नेई. काहींना हे दयाळूपणाचे वाटते, काहींना फसवणुकीचे. आम्हाला स्वतःला तो थांबा फारसा आवडत नाही. पण कुलूप आणि दोर यांच्यापेक्षा तो पुष्कळ बरा, हेही कबूल केले पाहिजे. वर्गात या विषयावर वादविवाद घेता येईल.

गोळी आणि दोर

मग औषधे नाहीतच का? आहेत. भासांमुळे माणूस भयभीत झाला असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील अशी वेळ आली असेल, तर मनोविकारतज्ज्ञ काही दिवसांसाठी ती देतात. परंतु ही औषधे मुळात दुसऱ्या आजारांसाठी तयार झालेली आहेत आणि वृद्धांना महागात पडतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २००५ साली १७ चाचण्यांचा हिशेब मांडला. साधारण दहा आठवड्यांत औषध घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी शेकडा ४.५ दगावले, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा २.६. म्हणून अशा औषधांच्या वेष्टनावर ठळक इशारा छापणे भाग पडले. लेवी बॉडी नावाच्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर ती फारच घातक ठरू शकतात. 'गप्प बसावेत म्हणून' गोळी देणे हा उपचार नव्हे.

बांधून ठेवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. बांधलेल्या माणसाचे स्नायू आठवड्यांत गळतात, पाठीला जखमा होतात आणि सुटायच्या धडपडीत तो अधिक वाईट पडतो. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी केली आहे. इतर प्रकारे जखडायचे तर तत्काळ इजा टाळण्याचा तोच एक मार्ग उरला असला पाहिजे, मनोविकारतज्ज्ञाची परवानगी पाहिजे आणि नोंदही ठेवली पाहिजे.

येथे मावशींच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्यांतल्या बहुतेक जणी शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांतून शहरात कामाला आलेल्या असतात. पगार बेताचा, रात्रपाळीला माणसे अनेक आणि मावशी एक. त्यांना या आजाराबद्दल कोणी शिकवलेले नसते. शिकवले तर काय होते, हेही तपासले गेले आहे. इंग्लंडमधील ६९ शुश्रूषागृहांत ८४७ रहिवाशांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कर्मचाऱ्यांना प्रत्येक रहिवाशाचा स्वभाव आणि आवडीनिवडी जाणून घ्यायला शिकवले, आणि आठवड्यातून निदान एक तास त्याच्याशी आवडत्या विषयावर गप्पा किंवा काम करायला सांगितले. आठवड्याला फक्त एक तास! नऊ महिन्यांनी रहिवाशांची अस्वस्थता कमी झाली होती. आपल्याकडे केरळमध्ये १९९२ साली स्थापन झालेली 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था असे शिक्षण देते. मुंबईतही तिचे काम चालते.

फाटकाची नोंदवही

आता आजोबांच्या कोड्याकडे वळू. समजा, एका हुशार मावशींनी शाळकरी वहीत चार रकाने आखले : वेळ, आधी काय घडले, आजोबांनी काय केले, नंतर काय झाले. 'आक्रमक', 'हट्टी' असे शब्द वापरायचे नाहीत, डोळ्यांना दिसले तेवढेच लिहायचे, असा नियम केला. दोन आठवड्यांनी वही वाचली, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. आजोबा रोज पाच वाजून पाच-दहा मिनिटांनी उठत होते. पाच वाजता दिवसपाळी सुटत होती. सहा-सात बायका चपला घालून, पिशव्या खांद्याला लावून, "चला, निघते गं" म्हणत त्यांच्यासमोरून फाटकाबाहेर पडत होत्या. सगळे घरी निघाले, तर आजोबांनीच का बसावे? दुसरी गोष्ट म्हणजे दोन मंगळवारी आणि एका शनिवारी ते उठलेच नव्हते. त्या दिवशी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडायचे काम होते आणि सूप आजोबांच्या पुढ्यात ठेवलेले होते.

यावर उपाय सुचणे सोपे आहे. पण घाई करायची नाही. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तुम्ही शिकला आहात. दोन्ही उपाय एकदम केले, तर गुण कशाने आला ते कळणार नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त पाळी सुटताना मागच्या दाराने जायचे. वही चालू ठेवायची. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पुढच्या दाराने जायचे, पण साडेचारला आजोबांपुढे शेंगांचे सूप ठेवायचे. ज्या आठवड्यात फाटकाच्या नोंदी कमी, तो उपाय ठेवायचा. दोन्हींचा उपयोग झाला तर दोन्ही. कशाचाच झाला नाही, तर पुन्हा रकाने भरायचे : जेवण किती वाजता झाले, शौचाला केव्हा झाली, गुडघा सुजला आहे का?

उपाय सापडला तरी तो कायमचा नसतो. आजार पुढे सरकतो. सहा महिन्यांनी शेंगा कशा फोडायच्या हे हातांना आठवणार नाही आणि वही पुन्हा उघडावी लागेल. काही वागण्याचे कारण कितीही शोधले तरी हाती लागत नाही, तेव्हा शेजारी बसून राहण्याखेरीज फारसे काही करता येत नाही.

तुमच्या घरी किंवा शेजारी असे आजी-आजोबा असतील, तर घरच्या मोठ्या माणसांना विचारून अशी वही ठेवता येईल. त्यांचे नाव आणि आजाराच्या गोष्टी शाळेत सांगत फिरू नये. ती त्यांची खाजगी बाब आहे. अडचण आली तर वृद्धांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी आहेत, तेथे मराठीत बोलता येते. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की ती वही डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्यावी. 'हे केव्हापासून होते, आणि दिवसातून कोणत्या वेळी?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.